मेंढ्यांचं इंजेक्शन

एडक्याने शिट्ट्याचा उजवा खांदा निखळवला, तो नेमका मेंढ्या माजावर आणायच्या आठवड्यात.

शिट्ट्या हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. शीळ घालून तो टेकडीपलीकडचा कळप वळवायचा, म्हणून मालकाने ते पाडलं आणि मग बायको सोडून सगळेच त्याला तसं म्हणू लागले. एडका त्याच्याच हातचा चारा खाऊन वाढलेला. शिट्ट्या वाकून फाटकाची कडी काढत होता, पाठ वळलेली होती, आणि एडक्याने जरा मागे सरून धडक दिली. खांदा लोखंडी खांबावर आपटला. हाड बसवणाऱ्याने हात गळ्यात बांधून दिला आणि बजावलं, अजिबात हलवायचा नाही.

त्या वर्षी पाऊस हात राखून पडला होता. एरवी गुडघ्याला लागणारं गवत घोट्यापाशीच पिवळं पडलं. मालकाला सगळी कोकरं पुढच्या हिरव्या गवतावर एकदम हवी होती. ती मागेपुढे जन्मली की निम्म्यांना गवत मिळतं आणि निम्म्यांना धूळ. एकदम जन्मायची तर मेंढ्या एकदम फळायला हव्यात, आणि त्यासाठी इंजेक्शन.

"तुझा हात तर झोळीत गेला," मालक म्हणाला. "दुसरा माणूस बघू का?"

दुसरा माणूस एकदा आला की परत जात नाही, हे शिट्ट्याला माहीत होतं. राहती खोलीही मालकाच्याच जागेत होती.

"कशाला मालक? मी मेंढी धरतो, ही टोचेल. हिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे."

मालकाने शेजारी उभ्या शिट्ट्याच्या बायकोकडे पाहिलं. आधी हाताकडे, मग पोटाकडे. तिला सहावा महिना होता.

"जमेल का?" त्याने शिट्ट्याला विचारलं.

"न जमायला काय झालं?" शिट्ट्या म्हणाला.

संध्याकाळी ती नळावर गेली तेव्हा कातऱ्याची बायको आधीच बादली लावून बसली होती. कातऱ्या म्हणजे लोकर कातरणारा. त्यांची खोली भिंतीला भिंत लागून होती.

"आता तुलाच मेंढ्या टोचायच्यात म्हणे?"

"कोण टोचणार मग? एका हाताने शीळ घालता येते, सुई भरता येत नाही." तिने कमरेला हात देऊन पाठ सरळ केली. "खरं सांगू? पुढच्या वर्षी आलं असतं तर बरं झालं असतं. आत्ता नको होतं गं हे."

"ते काय विचारून येतं?" कातऱ्याची बायको हसली आणि बादली काढून घेतली.

सासूचे नियम दिवस गेल्यापासून सुरू झाले होते. दोरी ओलांडू नको. कात्री उघडी ठेवू नको. भरल्या पोटाने विहिरीत वाकून बघू नको. पाय हलवत बसू नको. ती बहुतेक पाळायची, कारण पाळायला काही लागत नव्हतं आणि न पाळायला सासूची दिवसभराची बडबड ऐकावी लागायची.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर शिट्ट्या डाव्या हाताने घास उचलण्याच्या खटपटीत होता. निम्मा घास मांडीवर पडला. तिने फडक्याने तो टिपला.

"आई, तुझ्या नियमांत अजून एकाची भर," तो म्हणाला. "जनावरांचा डॉक्टर औषध ठेवून गेला. म्हणाला, पोटुशी बाईने बाटलीला हात लावायचा नाही."

"बाटलीला?" सासू थांबली.

"हात नाही, सावली नाही," असं म्हणत त्याने बोट नाचवलं. "मालकालाही सांगितलं त्याने. मालक म्हणाला, बजाव रे तुझ्या बायकोला. घे, बजावलं."

ती हसली. "आणि बाटलीने मला हात लावला तर?"

सासूला मात्र हसू आलं नाही. तिला राग आला होता, पण भलत्याच गोष्टीचा. इतके दिवस ती सांगत होती ते सगळ्यांनी एका कानाने ऐकलं, आणि आता कुणीतरी तिसराच येऊन नवीन नियम काढत होता.

"तो मेंढ्यांचा डॉक्टर," ती म्हणाली. "बाईचं त्याला काय कळतंय? काचेने कधी कुणाला काही झालंय का? दोरीचं सांगते ते पाळा आधी."

तो विषय तिथेच संपला.

मेंढ्यांसाठी दोन कठड्यांच्या मधे एक अरुंद वाट केलेली होती. एका वेळी एकच मेंढी तीत शिरायची आणि पुढची सरकल्याशिवाय मागची सरकत नसे. शिट्ट्या गुडघ्याने आणि डाव्या कोपराने मेंढी कठड्याशी दाबून धरायचा. ती बाहेरून वाकून मानेजवळची लोकर बाजूला सारायची आणि सुई घालायची. औषध पाण्यासारखं होतं. त्याला रंग नव्हता, वास नव्हता. सुई बाहेर काढताना एखादा थेंब बोटावर ओघळायचा आणि वाऱ्याने वाळून जायचा.

मालकाने रबरी मोजे दिले होते, शिट्ट्याच्या मापाचे. तिच्या बोटांपुढे मोज्याची टोकं रिकामी लोंबायची. सुई कातडीत गेली की नुसती लोकरीत, हे कळायचं नाही. दोन मेंढ्यांचं औषध वाया गेल्यावर तिने मोजे काढून कठड्यावर ठेवले. मालक तिथेच हातभर अंतरावर उभा होता.

"उडून जातील," तो मोज्यांकडे बघत म्हणाला. "वर दगड ठेव."

तिने दगड ठेवला.

दुपारपर्यंत वाकून वाकून तिच्या पाठीचा लाकडाचा ओंडका झाला होता. पोट कठड्याला लागू नये म्हणून ती तिरकी उभी राहायची, त्यामुळे सगळा भार एकाच पायावर यायचा. शिट्ट्याच्या खांद्यातूनही कळ येत असावी, कारण त्याची शीळ बंद झाली होती आणि तो मेंढ्यांना शिव्या घालत होता. एक थोराड मेंढी धरलेली होती. सुई तिच्या मानेत शिरली आणि तेवढ्यात तिने मान झटकली. सुई निसटली आणि शिट्ट्याच्या बायकोच्याच डाव्या अंगठ्यात, थेट मांसल भागात घुसली. उजव्या हाताने दट्ट्या दाबायला सुरुवात झालेलीच होती.

"लागलं?" शिट्ट्याने विचारलं.

"टोचलं." तिने अंगठा तोंडात धरला. चव रक्ताचीच होती.

"थांबायचं का?"

"एवढी ओळ होऊ दे."

ती ओळ झाली, पुढचीही झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळावर तिच्या पोटात पहिली कळ आली. बादली तशीच वाहत राहिली. लोकरीच्या पोत्यांवर निजवून मालकाच्या टेम्पोतून तिला दवाखान्यात नेलं. पोत्यांना मेंढ्यांचा उबदार, तेलकट वास होता आणि प्रत्येक खड्ड्याला तिला वाटायचं, आता.

परिचारिका मायाळू होती. कपाळ पुसता पुसता तिने विचारलं, "काही खाल्लं होतंस? कुणी काही दिलं?"

"नाही. सुई टोचली फक्त." तिने अंगठा दाखवला. टोचल्या जागी निळसर गाठ आली होती.

"कसली सुई?"

"मेंढ्यांची. औषधाची."

परिचारिकेचा हात कपाळावरून निघाला. ती बाहेर गेली आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्यांनी आधी तपासलं आणि मग खुर्ची ओढून बसल्या.

"ते औषध कशासाठी असतं, माहीत आहे तुला?"

"मेंढ्या माजावर आणायला."

"आणि गाभण मेंढीला दिलं तर?"

"गाभण मेंढीला देत नाहीत."

"का देत नाहीत?"

शिट्ट्याने गाभण मेंढ्या आधीच वेगळ्या काढल्या होत्या. दर वर्षी काढायचा. का, हे तिने कधी विचारलं नव्हतं, पण त्या क्षणी तिला ते कळलं. आणि कळल्याचं तिच्या चेहऱ्यावर उमटलेलं डॉक्टरीणबाईंनी पाहिलं.

मुलगी होती, असं परिचारिका म्हणाली. आता तिने कपाळ पुसलं नाही. मुलगी बघायला मागितली तर म्हणाली, "ती तपासणीला गेली. असं काही असलं की कळवावं लागतं."

घरी आल्यावर तिला दूध आलं. छाती दगडासारखी झाली, चोळी भिजायला लागली. सासूने जुनं लुगडं फाडून तिच्या छातीला घट्ट पट्टा बांधला. बांधताना ती एकदाही तिच्या डोळ्यांत बघत नव्हती. गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "पोलीस येतील म्हणतात."

दुसऱ्या दिवशी पोलीसबाई आल्याच. वयाने शिट्ट्याच्या थोरल्या बहिणीएवढ्या, बुटांना चिखल, आवाजात ना राग ना माया. घरात एकच खाट होती आणि तिच्यावर ही निजलेली, म्हणून त्या बादली उपडी करून तीवर बसल्या.

"उठू नको. दोनच गोष्टी विचारायच्यात," त्या म्हणाल्या. "आधी कायदा सांगते, म्हणजे नंतर म्हणायला नको. मुद्दाम पोट पाडलं असशील तर गुन्हा. चुकून झालं असेल तर काही नाही. सरळ आहे."

"चुकून झालं."

"ते तू म्हणतेस. तुरुंगात जाणारी प्रत्येक बाई तेच म्हणते. पोटुशी बाईने त्या औषधाला हात लावायचा नाही, हे तुला आधी माहीत होतं का? सगळं एवढ्यावर आहे."

ती चुलीकडे बघू लागली. चुलीपाशी सासू होती आणि सासूची पाठ होती.

"आणि आत्ता नको होतं, असं तू नळावर म्हणाली होतीस," पोलीसबाई म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"म्हणालीस की नाही?"

"म्हणाले. कंटाळले होते म्हणून म्हणाले. माणूस पावसालाही म्हणतं, आत्ता नको होता."

"पावसाची तपासणी नसते."

तिने कोपरावर भार देऊन अंग वर उचललं. "पोटुशी बाईला असलं काम देऊ नये, असा काही कायदा नाही का?"

"आहे की. पण ते खातं वेगळं. त्यांचा माणूस मोठ्या गावी बसतो, इकडे फिरकत नाही."

"मग तुम्ही माझ्याकडेच का आलात?"

पोलीसबाईंना हा प्रश्न मनापासून चमत्कारिक वाटला असावा. "दवाखान्याने तुझं कळवलं म्हणून. मालकाचं कुणी कळवलं नाही." मग त्या उठल्या आणि बादली सुलटी करून ठेवली. "उद्या नवऱ्याला आणि मालकाला चौकीवर बोलावलंय. तूही ये. नवऱ्याने तुला सांगितलं होतं की नव्हतं, ते त्याच्याच तोंडून ऐकते."

त्या गेल्यावर कातऱ्याची बायको दारात आली. हिने तिला आत येऊ दिलं नाही.

"तू बोललीस ना नळावरचं?"

"अगं, मी तर तुझ्या बाजूने बोलले!" कातऱ्याची बायको कळवळून म्हणाली. "म्हटलं, बिचारीला नकोच होतं तरी तक्रार नाही, कामाला जायची. त्या बाईने तेवढंच धरलं. मी काय करू?"

घर एवढंसं होतं, पण आता त्यात तीन माणसं एकमेकांना चुकवून वावरत होती. दुपारी तिला जाग आली तेव्हा सासू तिच्या कपड्यांचं बोचकं सोडून एकेक कपडा झटकत होती.

"काय शोधताय आई?"

"काही नाही. घडी मोडली होती."

सासूने सगळं पुन्हा बांधलं. बांधलेली गाठ वेगळी होती. मग तिनेही सासूकडे संशयाने बघायला सुरुवात केली. जेवतानाची ती गोष्ट सासूलाही ठाऊक होती. चौकीवर तिला कुणी विचारलं तर? काचेने काही होत नाही म्हणणारी बाई आता काय सांगेल?

शिट्ट्या मेंढ्या कोंडून आला. तिने त्याच्यासमोर पाणी ठेवलं.

"अहो, उद्या काय सांगणार?"

"आहे ते."

"काय आहे?"

त्याने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. भांडं रिकामं होतं. "तूच सांग ना, काय आहे ते."

"तुम्ही सांगितलं होतंत, मी हसण्यावारी नेलं. तेवढंच आहे."

"असं सांगितलं तर तुला नेतील," तो म्हणाला आणि मेंढ्यांना पाणी पाजायचं राहिलं म्हणून बाहेर गेला. पाणी पाजून झालेलं तिने खिडकीतून पाहिलं होतं.

चौकी म्हणजे दोन खोल्या आणि मधे फळ्यांची भिंत. ती आणि सासू बाहेरच्या बाकावर बसल्या. आतलं सगळं ऐकू येत होतं, आणि ऐकू येतंय हे आतल्यांनाही माहीत असावं.

आधी मालकाला बोलावलं. "मी शिट्ट्याला बजावलं होतं," त्याचा आवाज आला. "हातमोजे दिले. अजून काय करायचं माणसाने?"

"बाई मोज्यांशिवाय टोचत होती, ते तुम्ही पाहिलं का?"

"माझं लक्ष मेंढ्यांवर असतं."

पोलीसबाईंनी पुढे काही विचारलं नाही. मालक बाहेर आला आणि या दोघींकडे बघून त्याने मान हलवली, वाईट वाटल्यासारखी. मग शिट्ट्या आत गेला.

"मालकाने तुला सांगितलं होतं?"

"हो."

"तू बायकोला सांगितलंस?"

आत खुर्ची करकरली. बाकावर तिला स्वतःचे हात दिसत होते, मांडीवर पालथे पडलेले, एखाद्या दुसऱ्याच बाईचे असावेत तसे. आता हो म्हणाला की संपलं.

"नाही," शिट्ट्या म्हणाला.

"नाही?"

"राहून गेलं. खांदा दुखत होता. डोक्यातून गेलं."

सासूने पदराने तोंड पुसलं.

पोलीसबाई दारापर्यंत आल्या. "जा घरी," त्या तिला म्हणाल्या. "नवऱ्यानेच सांगितलं नाही म्हटल्यावर तुझ्यावर काही येत नाही. त्याला समज देऊन सोडतेय. पुढच्या वेळी बायकोकडे लक्ष दे रे."

बाहेर मालकाने शिट्ट्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस," तो हळूच म्हणाला. "खोलीची काळजी करू नको. थांबा इथे, मी टेम्पो वळवून आणतो."

तिघं चौकीच्या भिंतीच्या सावलीत उभी राहिली. शिट्ट्याने डाव्या हाताने तिच्या डोक्यावर पदर नीट केला.

"खोटं का बोललात?" तिने विचारलं.

"सुटलीस ना?"

"तुम्ही सांगितलं होतंत. मी हसले होते."

"हसलीस. आणि दुसऱ्या दिवशी मोजे काढून ठेवलेस."

"सैल होते ते. तुमच्यासमोरच काढले."

"असतील सैल. मी काही म्हणतोय का?" त्याचा आवाज अगदी मऊ होता. कोकराला जवळ न घेणाऱ्या मेंढीशी तो असाच बोलायचा. "झालं ते झालं. मी कधी तोंडावर आणणार नाही. आईलाही सांगितलंय, विषय काढायचा नाही म्हणून."

तिला समजायला जरा वेळ लागला. त्याने तिला वाचवलं होतं, हे खरं. पण तिने काही केलं नाही म्हणून वाचवलं नव्हतं. तिने केलं आणि त्याने माफ केलं, असं त्याच्या मनात पक्कं झालं होतं. आता जन्मभर तो तिच्याशी असंच मऊ बोलणार होता.

"अहो, माझ्याकडे बघा. मी मुद्दाम टोचून घेतलं, असं वाटतं तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही. कायद्याला वाटत होतं, ते मिटलं."

"मला सांगा ना, वाटतं का?"

तो टेम्पोच्या दिशेने बघत राहिला.

"चल पोरी," सासू म्हणाली. "नवऱ्याने एवढं पोटात घातलं. दुसरा असता तर माहेरी धाडलं असतं. आता गप्प राहा."

टेम्पो आला. मालकाने स्वतः उतरून पुढचं दार उघडलं. "पुढे बस तू. मागे हादरे लागतात."

ती वळली आणि चौकीच्या पायऱ्या चढू लागली. मागून शिट्ट्याची हाक आली, नंतर सासूची. पायऱ्या उंच होत्या. ती भिंतीला हात लावत वर गेली.

पोलीसबाई डबा उघडून बसल्या होत्या. "काय राहिलं?"

"माझं सांगायचं राहिलं."

"तुझं काय? तू सुटलीस."

"मला माहीत होतं. यांनी मला सांगितलं होतं."

पोलीसबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "शुद्धीवर आहेस का तू? हे लिहून घेतलं तर तुला घरी पाठवता येणार नाही. नवराही खोटा पडेल."

"पडू देत. जेवताना सांगितलं, सासूच्या देखत. मेंढ्यांच्या डॉक्टरला बाईचं काय कळतं म्हणून कुणीच खरं धरलं नाही. मीही नाही. हे लिहा. मी मोजे काढले तेव्हा मालक हातभर अंतरावर उभे होते. उडू नयेत म्हणून त्यांनी मला मोज्यांवर दगड ठेवायला लावला. हेही लिहा. त्यांचं कुणी कळवलं नाही म्हणालात ना? मी कळवते."

"आणि त्यातलं मी काय खरं धरायचं?"

"ते तुम्ही ठरवा. पण मी मुद्दाम केलं नाही, हे माझ्या तोंडून लिहा. कुणी माझा गुन्हा पोटात घातला म्हणून मला सुटायचं नाही."

बाहेर हॉर्न वाजला. पोलीसबाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. "थांबलेत ते."

"थांबू देत, नाहीतर जाऊ देत."

तिने खुर्ची ओढली. बसताना ओटीपोटात कळ आली, म्हणून टेबलाची कड धरून ती क्षणभर तशीच राहिली. पोलीसबाईंनी डबा बाजूला सारला आणि पेनाचं टोपण काढलं. कळ ओसरली तशी ती बोलू लागली.